सरजाबाईची अठरावी पाठराखण

सरजाबाई आमच्या गल्लीत राहायला आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला न विचारता माझ्या तुळशीला पाणी घातलं, आणि मी त्यांच्यावर खेकसले. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते मी. खेकसणं हाडीमाशी मुरलंय. त्या शांतपणे म्हणाल्या, "वाळून चालली व्हती बाई. तुमच्या ध्यानात आलं नसंल." मी चहा टाकला. तेव्हापासून आमचं जमलं.

त्या शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यातल्या. मालक नरसिंग गेले, तशा लातूरला लेकाकडे आल्या. लेक बालाजी दालमिलमध्ये कामाला. घर दोन खोल्यांचं, त्यात नातवंडांचा अभ्यास. दुपारी म्हातारीनं टेकायचं कुठं? मग त्या चालत चालत चर्चमध्ये जाऊन बसायला लागल्या. "तिथं पंखा असतोय, अन् कुणी ऊठ म्हणत न्हाई," असं त्यांनी मला सांगितलं होतं. अशा चार वर्षं नुसत्या बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नाही की काही शिकवायला गेलं नाही. पाचव्या वर्षी त्यांनीच फादरना गाठून विचारलं, "मला ह्यात घेता का?" फादर वसईकडचे, पुस्तकी मराठी बोलणारे. ते म्हणाले, "आजी, घाई करू नका." त्यावर ह्या म्हणाल्या, "चार वर्सं बसले की."

दोन वर्षांपूर्वी ईस्टरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. गल्लीत कुजबुज व्हायची ती झालीच. "काय दिलं गं तुला त्यांनी?" असं एकीनं नळावर विचारलं. सरजाबाई म्हणाल्या, "बसायला जागा." बालाजी तीन महिने आईशी बोलला नाही. मग एका रविवारी पाऊस लागला होता, तर गाडी काढून मुकाट्यानं आईला चर्चपर्यंत सोडून आला, आणि आतली उपासना, म्हणजे मिस्सा, संपेपर्यंत बाहेर पत्र्याखाली उभा राहिला. आत काही गेला नाही. मला तो त्या दिवसापासून आवडायला लागला.

मला स्वतःला देवाधर्मात फारसा रस नाही. तुळस आहे ती सासूबाईंनी लावलेली म्हणून. पण ही गोष्ट सांगायची तर चर्चमध्ये जाणं भाग आहे.

यंदा ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा चर्चमध्ये ऋतुजा नावाची एक मुलगी बाप्तिस्म्याची तयारी करत होती. इस्लापूरकडची, वय सव्वीस, इथं एका खासगी दवाखान्यात नर्स. घरच्यांनी सांगितलं होतं, "डोक्यातलं खूळ गेलं की ये." म्हणजे पोरगी एकटीच. मोठ्या माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा तर त्याच्या पाठीशी उभं राहणारं कुणीतरी लागतं. बाईमाणूस असेल तर तिला धर्ममाता म्हणतात. ऋतुजानं सरजाबाईंना विचारलं. कारण काय, तर ड्यूटीवरून उशीर झाला तरी ह्या दर रविवारी चटईवर तिच्यासाठी जागा धरून ठेवायच्या.

सरजाबाई म्हणाल्या, "बघू."

हे बघू पाच आठवडे चाललं. पोरगी दर रविवारी तोंडाकडे बघायची, ह्या दर रविवारी चपला शोधायला लागायच्या. शेवटी फादरनी सांगितलं, झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारपर्यंत, काय ते कळवा, नाहीतर तिला दुसरं कुणी बघू.

मला त्यांनी कारण सांगितलं ते असं: "मला कुठं लिवता-वाचता येतंय बाई? प्रार्थना निम्मीच पाठ हाय. मीच कच्ची, दुसऱ्याला काय पिकवू?" मला ते पटलं. शिकवणं हा माझा धंदा. रोज दुपारी त्यांना बसवून 'हे आमच्या स्वर्गातील बापा' घोकून घेतलं. न मानणारी बाई प्रार्थना पाठ करून घेते आहे, हे बघून बालाजीची बायको पदरात तोंड घालून हसायची. आठ दिवसांत सगळी पाठ झाली, एक अक्षर चुकेना. तरी ह्यांचं आपलं बघूच.

मग मात्र माझं टाळकं सरकलं. "सरजाबाई, नसेल जमत तर नाही म्हणून मोकळ्या व्हा. त्या लेकराला का ताटकळत ठेवलंय? अन् धर्ममातेला असं करायचं तरी काय असतं मोठं?"

"पाठराखिणीचं काम असतंय," त्या म्हणाल्या.

आता पाठराखीण हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आजच्या मुली लग्न झाल्यावर मोटारीतून जातात आणि वेशीपर्यंत पोचायच्या आत आईला तीन फोन करतात. आमच्या वेळी नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक जाणती बाई तिच्यासोबत जायची. पाच दिवस राहायची. पोरगी जेवते का, झोपते का, कुणी टाकून बोलतं का, हे बघायचं आणि परत येऊन आईला सांगायचं. माझ्यासोबत आलेली आत्या गाडीत बसल्या बसल्या झोपली, ती सासरच्या दारात उठली. पण ती शेजारी घोरत होती म्हणून मला धीर होता, हेही खरं.

सरजाबाई म्हणजे त्यांच्या गावातली नावाजलेली पाठराखीण. सतरा पोरी पोचवल्या होत्या त्यांनी. बैलगाडीतून, मग लाल एसटीतून, मांडीवर नवरीची पत्र्याची पेटी आणि पिशवीत दशम्या नि शेंगाची चटणी. सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. "पैलं गाव लागंस्तोवर रडू द्यायचं," त्या म्हणायच्या, "दुसऱ्या गावाला दशमी हातात द्यायची. भुकेल्या पोटी रडू लई येतंय बाई, खाल्लं की निम्मं पळतंय." सासरी पोचल्यावर पहिल्या पहाटे सगळ्यांच्या आधी नवरीला उठवून पाणी कुठं, सरपण कुठं, पिठाचा डबा कुठं ते दाखवून ठेवायच्या, म्हणजे सासूला विचारायची वेळ येऊ नये. सासूच्या कानावर हळूच घालायच्या, "आमच्या पोरीला दह्याबिगर घास उतरत न्हाई बरं का." ती पोरगी मग जन्मभर दही खायची. ते दिवस काही सोन्याचे नव्हते, मला ठाऊक आहे. पण परक्या घराच्या उंबऱ्यात आपल्यामागे आपलं माणूस उभं असायचं.

"मग सतरा पोरी पोचवणारीला अठरावी जड झाली का?" मी विचारलं.

त्या उठल्या, घरी गेल्या आणि एक वाकळ घेऊन आल्या. जुन्या लुगड्यांची, हातानं टाचलेली. मधे हिरव्या इरकलीचा मोठा तुकडा होता, अजून रंग टिकून असलेला.

"ही इरकल रेणुकाच्या सासूनं दिल्याली," त्या म्हणाल्या.

रेणुका म्हणजे त्यांच्या दिराची मुलगी. सतरा जणींतली नववी. देगलूरकडे दिली होती. पाठराखणीला म्हणून सरजाबाई गेल्या तर सासूनं त्यांना डोक्यावर घेतलं. रोज शेवया, वर तुपाची धार, बसायला पाट. चौथ्या दिवशी त्यांना दिसलं की रेणुका डाव्या हातानं वाढते आहे. उजव्या मनगटावर बांगड्यांच्या खाली चटका होता, चांगला बोटभर. सासू म्हणाली, तेल उडालं. सरजाबाईंनी पोरीकडे बघितलं, पोरीनं खाली बघितलं. त्याच संध्याकाळी सासूनं ही इरकल त्यांच्या ओटीत घातली.

पाचव्या दिवशी एसटी आली तेव्हा रेणुकानं पदर धरला. "काकू, अजून एक दिस ऱ्हा की."

"समद्याच म्हणत्यात बाई तसं," सरजाबाई मला म्हणाल्या. "आधीच्या आठीच्या आठी म्हणल्या व्हत्या. अन् मला दुसऱ्या नवरीचं बोलावणं आल्यालं, परवाच्या दिशी निघायचं व्हतं. मी पदर सोडवून घेतला. घरी जाऊन जावेला सांगितलं, पोरगी सुखात हाय. फुडच्या आठ पोरींसंगं हीच इरकल नेसून गेले मी."

अकरा वर्षांनी रेणुका एक पेटी घेऊन परत आली, ती कायमची. तोवर आई गेली होती. आता ती नांदेडला खानावळ चालवते. तेव्हापासून सरजाबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. लग्नकार्यात ती दिसली की ह्या मागल्या दारानं जायच्या. इरकल वाकळीत टाचली, पण ती वाकळ अंगावर घ्यायची हिंमत होत नव्हती.

"फादरला इचारलं मी, धर्ममातेनं किती दिस बघायचं? ते म्हणले, दिवस मोजायचे नसतात आजी, जन्मभर. मला पाच दिसाचं धड जमलं न्हाई."

मी वाकळीची घडी घालून त्यांच्या मांडीवर ठेवली. मग म्हटलं, "हे मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं ती नांदेडला आहे. उद्या सकाळची गाडी धरू."

गाडीत त्या चाकूरपर्यंत बोलल्या नाहीत. अहमदपूरला मी पिशवीतून दशमी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाल्ली.

खानावळीत पोचलो तेव्हा दुपारच्या पंगतीची गडबड होती. शिकायला आलेली मुलं भराभर जेवत होती. रेणुका चुलीपुढे भाकरी थापत होती. पन्नाशीची, जाडसर, कपाळावर घाम. काकूला बघून तिचा हात क्षणभर थांबला. "या," एवढंच म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली. उजव्या मनगटावरचा डाग मला दारातूनही दिसला.

पंगत उठेपर्यंत आम्ही भिंतीला टेकून बसलो. मग रेणुका हात पुसत समोर येऊन बसली आणि सरजाबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. चटका, इरकल, दुसऱ्या नवरीचं बोलावणं, आणि ही ऋतुजा. "म्या बघितलं व्हतं गं तुझा हात. बघून आले अन् खोटं सांगितलं."

"ठावं हाय," रेणुका म्हणाली. "तुम्ही बघितलं ते म्याबी बघितलं व्हतं."

मला वाटलं, आता ही बाई फटकारणार; आणि तिनं फटकारलं असतं तर मी मध्ये पडले नसते. पण ती हळूच बोलली. "अकरा वर्सं एकच म्हणत व्हते, काकूनं बघितलं तर ती गेली कशी? आईवर न्हाई, नवऱ्यावरबी न्हाई, तुमच्यावर राग व्हता माझा. बाकीच्यांकून मला आशाच नव्हती."

सरजाबाई रडायला लागल्या. रेणुकानं त्यांचं सांत्वन केलं नाही. उठली, ताट वाढून आणलं, त्यांच्यापुढे ठेवलं. पिठलं, भाकरी, आणि वाटीत दही.

"त्या पोरीसाठी तुम्हाला काय करायचं असतंय?" तिनं विचारलं.

"खांद्यावर हात ठिवायचा. मंग जन्मभर इचारत ऱ्हायचं."

"मग ठिवा की." तिनं दह्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली. "पण काकू, आज परत जाऊ नका. एक दिस ऱ्हायलाय तुमचा."

मी एकटीच संध्याकाळच्या गाडीनं लातूरला आले. बालाजीला सांगितलं, आई उद्या येईल. त्या आल्या पाचव्या दिवशी, झावळ्यांच्या रविवारी सकाळी, आणि पिशवी माझ्या दारात टाकून तशाच चर्चमध्ये गेल्या. ऋतुजाला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण दुपारी ती पोरगी आमच्या गल्लीत पत्ता विचारत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि ती हसत होती.

ईस्टरच्या सकाळी मीही गेले. मागच्या चटईवर बसले. कुणी मला ऊठ म्हटलं नाही. बालाजी पत्र्याखाली होता. ऋतुजानं धर्ममातेसाठी साडी आणली होती, चांगली भारीतली. सरजाबाईंनी ती दारातच परत तिच्या हातात ठेवली. "साडी नगं बाई. साडी घेतली की मला दिसंना होतंय." पोरीला काही कळलं नाही. मला कळलं.

फादरनी नाव पुकारलं. ऋतुजा पुढे गेली, मागे सरजाबाई. त्यांनी उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला. डोक्यावरून पाणी ओघळलं, तिच्या मानेवरून ह्यांच्या बोटांवर आलं, ह्यांनी हात हलवला नाही. मग पांढरं वस्त्र झालं, मेणबत्ती झाली. त्या दिवशी बाप्तिस्मा घेतलेल्या बाकीच्यांचे धर्ममाता-धर्मपिते आपापल्या जागी जाऊन बसले. फादरनी ह्यांनाही हातानं खूण केली.

ऋतुजानं मान वळवली. "आजी, झालं आता. बसा तुम्ही. पाय दुखतील."

"दुखू दे," सरजाबाई म्हणाल्या. "अजून जरा ऱ्हाते."