एक जोडी, एक मडकं

कमळाकर गेल्याचं मला शहापूरच्या बाजारात कळलं, तेव्हा माझ्या पिशवीत त्याच्याच पाखरांसाठी घेतलेले दोन किलो राळे होते. भातसानगरचा ओळखीचा माणूस भेटला. "पहाटे गेला, भाऊ. झोपेतच." मी पिशवी घेऊन तसाच घरी आलो...

कमळाकर मूळचा मुरबाडकडचा, नोकरीला भातसानगरच्या धरणावर. क्वार्टरच्या व्हरांड्यात त्याने लव्हबर्ड पाळले होते. सात जोड्या, पिंजऱ्यांत टांगलेली सात मडकी. दर रविवारी मी जायचो. आदल्या दिवशी अंड्यातून निघालेलं पिल्लू तो तळहातावर घ्यायचा. शेंगदाण्याएवढा जीव, अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. मिटलेल्या पापणीआडून डोळा काळा दिसला तर पाखरू बहुधा हिरवं नाहीतर निळं होणार. तांबूस दिसला तर पिवळं नाहीतर पांढरं, लाल डोळ्यांचं. तो सांगायचा, मी वहीत लिहायचो आणि महिन्याने पिसं आली की पडताळायचो. तीन वर्षांत एकशे बारा पिल्लं. डोळा ओळखण्यात त्याची एकही चूक नाही.

मग एका रविवारी चौथ्या मडक्यात तांबूस डोळ्याचं पिल्लू निघालं. आईबाप दोघंही हिरवे, काळ्या डोळ्यांचे. मी म्हणालो, मडकी साफ करताना पिल्लू इकडचं तिकडे झालं असेल.

"नाय झालं. नराच्या अंगात रंग लपलाय, त्याची आय पिवळी असंल. आनि बघ, या जोडीची लाल डोळ्याची जेवढी निघतील, तेवढ्या सगळ्या माद्याच."

"पुरावा काय?"

"पिल्लू काय रेशनकार्ड घेऊन येतं का रे?"

वहिनी आतून हसल्या. मी वहीत लिहिलं : नोंद संशयास्पद. त्याने ते वाकून वाचलं आणि पिल्लू मडक्यात ठेवून दिलं. पुढच्या रविवारी सातही मडक्यांवर चुन्याने नंबर घातलेले होते. "आता तरी?" त्याने विचारलं. मी म्हणालो, नंबर मडक्यावर आहेत, पिल्लावर नाहीत.

तो बराच वेळ राळे पाखडत बसला. मग म्हणाला, "ही जोडी तुझ्या घरी ने. एक जोडी, एक मडकं. मिसळायला दुसरं कायच नाय. मंग तुझं तूच बघ."

मी बरं म्हणालो. नेली मात्र नाही. घरात जागा नाही, मुलीची परीक्षा आहे... अकरा रविवार कारणं सांगितली. बारावा रविवार आलाच नाही.

त्याच्या तेराव्याच्या विधीला वहिनींनी पिंजरा माझ्या हातात दिला. "बाकीची वाटून टाकली. ही तुमची म्हनून त्यांनीच बाजूला ठेवलेली." मडक्यावर चुन्याचा चार.

पाच अंडी झाली. त्यातली चार फुटली. पहिली तीन पिल्लं काळ्या डोळ्यांची. चौथं परवा सकाळी निघालं. ते दाराशी उजेडात नेलं. डोळा तांबूस होता.

रविवार होता. वही घेऊन भातसानगरला गेलो. क्वार्टर रिकामं झालं होतं, दाराला कुलूप. वहिनी मुलाकडे गेल्या, असं शेजारच्यांनी सांगितलं. व्हरांड्यात पिंजऱ्यांचे सात खिळे तेवढे राहिले होते. पायरीवर थोडा वेळ बसलो. सांगायला कुणी नव्हतं.

तिथेच वही उघडली. 'संशयास्पद' खोडलं. नव्या पिल्लाची ओळ लिहिली. नर की मादी हा रकाना मी नेहमी कोरा ठेवतो. ते नाकावरच्या रंगावरून कळतं आणि तो रंग पक्का व्हायला चारेक महिने जातात, तोवर काही लिहीत नाही.

या वेळी लिहिलं : मादी.