कार्बुरेटरवरचं कुंकू

इथं परदेशात, माउंट वेलिंग्टन भागातल्या एका मेकॅनिकला मी चार वर्षं ओळखतो, पण तो खूश आहे की वैतागलाय, हे मला कधीच कळलेलं नाही. इंजिन ठणठणीत असो की भंगारात काढायचं असो, तो आपला "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', म्हणतो आणि जँडल्स, त्याच्या रबरी चपला, फटफटवत कामाला लागतो.

यंदा इथल्या जून-ऑगस्टच्या हिवाळाभर गॅरेजमध्ये पडून राहिलेलं माझ्या बोटीचं छोटं इंजिन बिघडलं. जोरात छान चालायचं, पण वेग कमी केला की आचके देऊन बंद पडायचं. एकदा मुलगी बोटीत असताना आम्ही तसेच खडकांकडे वाहत गेलो. मी इतका घाबरलो, की दसऱ्याला कव्हर काढून थेट कार्बुरेटरलाच कुंकू लावलं, आणि मग मेकॅनिकला हिल्सबरोला घरी बोलावलं.

कुंकू बघून तो थबकला. मोबाइलवर फोटो काढला. मला वाटलं, आता मित्रांना दाखवून हसणार. मग त्यानं कार्बुरेटर सोडवला, बारीक छिद्रात चिकटलेला जुन्या पेट्रोलचा गाळ काढला, ताजं पेट्रोल भरलं. पाण्याच्या पिंपात इंजिन मंद, एका लयीत चालू लागलं.

कुंकू मात्र धुऊन गेलं होतं. इंजिन बंद करून त्यानं हात पुसले. "ती लाल पावडर आण," म्हणाला. फोटो बघून ठिपका होता तिथंच लावला.

"तू हे मानतोस?" मी विचारलं.

"तू मानतोस ना? मग हिवाळ्याआधी त्यातलं पेट्रोल का नाही काढलंस?"

मी कुंकवाचा करंडा बंद केला.

"स्वीट ॲज," मी म्हणालो.