गुरुवारचा काउबॉय
मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तेलकट वास नाकात शिरला, की मी थेट कंपनीजवळच्या कुरुळी गावातल्या त्या भाड्याच्या खोलीत जाऊन पडतो. गुरुवार होता, कंपनीला सुट्टी. खिडकीला चादर लावून मी आणि माझा लातूरकडचा रूममेट मोबाइलवर जुना कृष्णधवल सिनेमा बघत होतो. घोडे, धूळ, पिस्तुलं, सगळा थाट काउबॉयचा. पण नायकाचा अर्धा चेहरा कायम अंधारात आणि जुनं पाप मागावर, हे मात्र गुन्हेपटातलं. मी उशीवर घोड्यावर बसल्यासारखी मांड ठोकून ओरडलो, "राव, शेवटी हा निघून जाणार बघ!" तो म्हणाला, "नुसता काउबॉय असता तर गेला असता. ह्याच्या तोंडावर सावली हाय, भाऊ. ह्याला जायला जागाच नाय." शेवटी नायक खरंच दूर निघून गेला. "हरलास!" म्हणत मी नाचलो. तो हसला आणि म्हणाला, "मला पण जायचंय. मला कामावर कायम करायची वेळ आली, म्हणून कंत्राटदारानं ब्रेक दिलाय, कामावरनं काढलंय. परत घेतील असं वाटत नाय." संध्याकाळी बॅग खांद्यावर टाकून तो निघाला. मी गॅलरीतून हात हलवत राहिलो, त्यानं वळून पाहिलं नाही. पुढं त्याचा फोनही लागला नाही. आज त्याची पाठ मला लख्ख आठवते. चेहरा मात्र अर्धा अंधारात गेलाय.