साडूचा हिरवा रंग

नगरपालिकेने सार्वजनिक विहिरी आणि सेप्टिक टाक्या तपासायला तज्ज्ञ सल्लागार नेमला, त्याचं मुकादमांना काही वाटलं नसतं. नेमा की, खुशाल नेमा. पण सल्लागार म्हणून यावा कोण, तर त्यांचा सख्खा साडू!

मुकादमांचं उभं आयुष्य विहिरींवर गेलेलं. गाळ काढून घेणं, पावडर टाकणं, कठड्यावर कपडे आपटणाऱ्यांना हुसकावणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्याच गल्लीतल्या विहिरीला कुणी नावं ठेवली, तर पोटच्या पोराला ठेवल्यासारखी लागायची. आणि आता गल्लीतली पोरं पोटदुखीने सारखी आजारी पडतात, म्हणून साहेबांनी बाहेरून माणूस आणला. त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं, डोक्यावर पंखा दिला. मुकादम आपले सामानाच्या खोलीत, ब्लीचिंग पावडरच्या गोणींशेजारी.

घरी तर विचारूच नका.

"भावजी किती शांतपणे समजावून सांगतात," बायको ताट वाढता वाढता म्हणाली. "टाकी कशी झिरपते ते मला आज कळलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं की खेकसता."

खरं होतं ते. पण खरं असलं म्हणून काय झालं? मुकादमांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो झालाच. लग्नाच्या वेळी हा साडू पंपाच्या दुकानात नट आवळत होता. मग संध्याकाळच्या वर्गाला गेला, परीक्षा दिल्या, नाकावर चष्मा चढवला आणि मोठा माणूस झाला. त्या वर्गाला चला म्हणून त्याने मुकादमांनाही विचारलं होतं. ते गेले नाहीत, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त डाचत होतं.

साडूने विहिरीभोवती दोन-चार चकरा मारल्या आणि शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या घराकडे बोट दाखवलं.

"यांची टाकी झिरपत असावी. संडासात हा रंग ओतायचा, वरून भरपूर पाणी सोडायचं. विहिरीत हिरवं उतरलं तर गळती नक्की. नाही उतरलं तर पुढचं घर बघू. दादा, हे तुम्हीच करा. गल्लीत तुम्हाला कोणी अडवणार नाही."

मग तो जरा थांबून म्हणाला, "तुमचंही घर विहिरीला लागूनच आहे, नाही का?"

"माझी टाकी मी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय. थेंब बाहेर जायचा नाही."

"तुम्ही म्हणताय म्हटल्यावर प्रश्नच मिटला," साडू म्हणाला. त्याचा हा विश्वाससुद्धा मुकादमांना सोसवला नाही.

रंगाची पुडी खिशात घालून ते काकूंच्या घरामागे गेले. संडास मागच्या अंगणातच होता, आतून मशीनची खडखड ऐकू येत होती. हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. रंग टाकलाच नाही तर? इथे नाही, पुढच्या घरीही नाही. विहीर चकचकीत राहणार, साहेब म्हणणार, कशाला आणला हा तज्ज्ञ, आणि साडू आपलं टेबल सोडून चालता होणार. विचार इतका गोड होता, की पाय आपोआप घराकडे वळले. आता पुडीचं काय करावं? कचऱ्यात टाकली तर बायको बघणार, गटारात टाकली तर गल्ली. शेवटी ती त्यांनी आपल्याच संडासात रिकामी केली आणि वर बादल्या ओतल्या. आपली टाकी मजबूत, काळजीच नको. मग जाऊन साडूला सांगितलं, "टाकला रंग."

पुढचे काही दिवस मुकादम शीळ घालत हिंडत होते. आणि एका सकाळी विहीर हिरवीगार झाली.

सगळी गल्ली कठड्यावर ओणवी झाली. मुकादमांनी एकदाच आत पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात साहेब आले, आल्या आल्या म्हणाले, "काकूंचा संडास बंद करा. टाकी फोडा."

काकू मशीनवरून तशाच उठून आल्या होत्या, गळ्यात मापाची पट्टी. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मुकादमांनीच रंग टाकला ना? मग असेल माझंच," त्या म्हणाल्या आणि शेजारणीकडे वळल्या. "तुझी पोरगी माझ्यामुळे आजारी पडली का गं?"

शेजारणीने तोंड फिरवलं.

"काकूंकडे टाकलाच नाही," मुकादमांच्या तोंडून निघून गेलं. "माझ्या घरी टाकला होता."

साहेबांनी भुवया उंचावल्या. आता साडू बोलणार होता आणि मुकादम ऐकायला तयार होते. चोर म्हणेल, खोटारडा म्हणेल, चारचौघांत अब्रूचं खोबरं करेल. म्हणू दे.

"बरोबर आहे, साहेब," साडू म्हणाला. "दादांनी आधी स्वतःची टाकी तपासली. दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. असं किती जण करतात?"

साहेबांनी मुकादमांची पाठ थोपटली. काकूंनी हात जोडले. आता इतका वेळ तोंड फिरवून उभी असलेली शेजारीण आजूबाजूच्यांना सांगू लागली, की माणूस असावा तर असा. मुकादम मान खाली घालून उभे होते, आणि लोकांना तो विनय वाटला.

गर्दी पांगल्यावर साडू जवळ आला. आवाज एकदम खाली. "टाकी नवी होईपर्यंत सगळे आमच्याकडे राहायला या, दादा. अवघडू नका."

घरी कपडे भरताना बायको म्हणाली, "भावजींनी सांभाळून घेतलं हो तुम्हाला." म्हणजे तिलाही कळलं होतं.

मुकादम पिशवीची चेन ओढत राहिले. साडूने चारचौघांत फैलावर घेतलं असतं, तर जन्मभर त्याला शिव्या घालत सुखाने जगता आलं असतं. आता तेवढंही त्याने ठेवलं नव्हतं.