वनिताताईंनी पुन्हा भरलेला फॉर्म

“सिस्टर, फॉर्मात ही बरी दिसायलीय. घरी मातर बरी न्हाई,” मारोतराव दारातच हळू आवाजात म्हणाले. “भिंतीकडं तोंड करून पडती.”

आत त्यांच्या पत्नी वनिताताई खुर्चीत बसल्या होत्या. पंधरावं सेशन होतं.

मी परभणीतल्या एका मानसोपचार दवाखान्यात टीएमएसचं, म्हणजे डिप्रेशनवर चुंबकानं उपचार करायचं मशीन चालवते. डोक्यावर डावीकडे, कपाळाच्या जरा वर, इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल टेकवायची. तिच्यातून चुंबकाचे ठोके जातात. चिरफाड नाही, भूल नाही. पेशंट जागा असतो, टकटक ऐकतो आणि वीसेक मिनिटांनी उठून घरी जातो. ठोके मेंदूत फार खोल जात नाहीत. पण जिथे पोचतात, तिथून आतल्या एका जाळ्याशी जोडणी आहे. काही आवडलं की ‘छान वाटलं, पुन्हा करू’ असं वाटतं, ते त्या जाळ्याचं काम. डिप्रेशनमध्ये ते मंदावतं.

वनिताताई पालमकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका. गोळ्या दोनदा बदलून झाल्या होत्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, “दुखत काई न्हाई सिस्टर. पण पुरणपोळी खाल्ली काय आन् शिळी भाकर खाल्ली काय, सारखंच. लेक माहेराला आली, तरी उठून बसावं वाटंना.”

तरी आठवड्यातले पाच दिवस सकाळची एसटी धरून त्या यायच्या. मला याचंच नवल वाटायचं. आपण कशाच्या तरी ओढीनं घराबाहेर पडतो. या बाईला कशाचीच ओढ उरली नव्हती आणि तरी एक सेशन चुकलं नव्हतं.

दर आठवड्याला आम्ही एक फॉर्म भरून घेतो. झोप, भूक, मन, जगण्याची इच्छा. त्यांनी सगळीकडे ‘बरं’वर खूण केली होती. डॉक्टर खूश होते. मीही.

मारोतरावांना बाहेर बसवून मी आत गेले.

“ताई, फॉर्म खरा भरला का?”

त्या घाईनं ‘हो’ म्हणाल्या.

“अंगणवाडीत लेकराचं वजन कमी भरलं, तर तुम्ही जास्त लिहिता का?”

“कधीच न्हाई,” त्या ताडकन म्हणाल्या. “त्या लेकराचं वाटोळं होईल की!”

मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाल्या, “तुमी रोज एवढं जीव लावून करता. फरक न्हाई म्हणायची मलाच लाज वाटायलती. द्या पेन.”

त्यांनी नवा फॉर्म भरला. जगण्याच्या इच्छेच्या प्रश्नापाशीही खरी खूण केली, ‘बरं नाही’वर. मी तो फॉर्म तसाच डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टरांनी ओपीडी थांबवली. अर्धा तास वनिताताईंशी बोलले, गोळ्या बदलल्या आणि मारोतरावांना बजावलं, “काही दिवस यांना एकटं सोडायचं नाही. गोळ्या तुमच्याजवळ ठेवा. जरा काही वाटलं तर रात्री-बेरात्री फोन करा.”

मग मला म्हणाले, “थ्रेशोल्ड परत काढा.”

थ्रेशोल्ड म्हणजे किती जोराच्या ठोक्यानं हाताचा अंगठा हलतो, ते माप. त्यावरून डोस ठरतो. परत काढलं, तर पहिल्या दिवशीचं माप आता पुरत नव्हतं. डोस वाढवला. डोकं दुखेल, असं आधीच सांगितलं.

“दुखू द्या,” वनिताताई म्हणाल्या. “आता दुखलं तर दुखलं म्हणीन.”

पुढचे दोन आठवडे त्या तसंच वागल्या. ‘आज काहीच फरक नाही’ हे तोंडावर सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पाचव्या आठवड्यात एकदा उशिरा आल्या. कॉइलची जागा आखलेली टोपी घालता घालता म्हणाल्या, “एसटीत शेजारणीचं लेकरू मांडीवर घेतलं होतं. स्टँड आलं तरी खाली ठिवावं वाटंना.”

कशाची तरी ओढ परत आली होती. डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, “छान. फॉर्म भरून घ्या.”

फॉर्मात अजून दोन ठिकाणी ‘बरं नाही’ होतं. तरी आम्हा दोघांना तोच फॉर्म खरा आनंद देऊन गेला. महिन्याभरानं त्या कामावर रुजू झाल्या. गोळ्या चालू आहेत, तपासणीला येतात.

मशीन सगळ्यांना लागू पडत नाही, हे आम्ही आधीच सांगतो. या बाईला मशीन किती लागू पडलं आणि गोळ्या किती, हेही मला सांगता येणार नाही. दवाखान्यात एक बदल मात्र झाला. पेशंटसोबत आलेल्या माणसाला आता वेगळं बसवून मी फॉर्मातले तेच प्रश्न विचारते. पाच मिनिटं जास्त लागतात.