गोळीनं उपास मोडत नाय

आयुष्यभर मला एकच शिवी मिळाली: नाटकी. खोटी नाही. साधी भाजी करपली तरी मी तीन अंकांत सांगते. पण गेल्या वर्षी मुकुंदवाडीतल्या आमच्या घराच्या जिन्यात मी धापा टाकत बसायला लागले, तेव्हाही नवरा म्हणाला, "झाला पहिला अंक सुरू."

रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या, तरी दम लागायचाच. शेवटी डॉक्टरांनी रक्तातलं लोह तपासायला सांगितलं. सकाळी, उपाशीपोटी. मी मनात म्हटलं, आता माझं रक्तच साक्ष देईल.

त्या सकाळी सासूबाई पाण्याचा तांब्या आणि माझ्याच दोन गोळ्या घेऊन समोर उभ्या.

"खा."

"आई, उपाशी जायचंय."

"गोळीनं उपास मोडत नाय. चतुर्थीला मी बीपीची घेतेच की. आन् डाक्टर आपल्या पाहुण्यातला हाय. रगत कमी निघालं तर पार वैजापूरच्या पाहुण्यांपर्यंत बोभाटा व्हईल, सुनंला खाया घालत नाय म्हणून!"

पाहुणे यायच्या आधी चादरी बदलतात, तसं माझं रक्त आवरून पाठवायचं होतं. रिक्षा दारात, भांडायला दम कुठून आणू? गिळल्या दोन्ही.

रिपोर्ट आला. लोह चक्क जास्त! डॉक्टरांनी कागद पाहिला, मला पाहिलं नाही. "लोह भरपूर आहे, वहिनी. गोळ्या बंद. या वयात थकवा यायचाच."

सासूबाईंनी तो कागद देवापुढं ठेवला. नवरा वाळूजहून ड्यूटी करून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "मग? नाटक कंपनी बंद का आता?"

पुढचे काही महिने मी ओट्याला धरून पोळ्या लाटल्या. डोळ्यांपुढं अंधारी आली तरी बोलायची सोय नव्हती. कागद देवापाशी बसलेला. एक दिवस जिन्यातच कोसळले. शेजारणीनं उचललं आणि दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली, जुना रिपोर्ट पाहिला आणि एवढंच विचारलं, "त्या सकाळी गोळी घेतली होती?"

घेतली होती! हा एक प्रश्न विचारायला त्या पाहुण्यातल्या डॉक्टरांच्या जिभेला काय झालं होतं? सुई टोचणाऱ्याला काय झालं होतं? बाई म्हणाल्या, गोळी घेतली की काही तास रक्तात लोह वाढलेलं दिसतं; अंगातला साठा रिकामा असला तरी. गोळी कधी थांबवायची, ते तपासणीआधीच सांगायला हवं होतं.

पुन्हा तपासणी झाली, यावेळी गोळीशिवाय. साठा जवळजवळ संपलेला. आता सलाइनमधून लोह द्यायचं ठरलं.

घरी येऊन मी नवा रिपोर्ट वाचायला घेतला, खड्या आवाजात, अगदी पहिल्या ओळीपासून. नवरा खाली मान घालून म्हणाला, "अगं, आधी सांगायचं ना."

"सांगत होते. तुम्ही अंक मोजत होतात."

सासूबाई कासावीस झाल्या. "हळू बोल बाई! शेजारपाजार ऐकंल."

मी उठले. भिंतीला धरत खिडकीपाशी गेले, दम खाल्ला, दोन्ही झडपा सताड उघडल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.