शहाळ्याचा फोटो

गाडीतून न उतरता खायचं हॉटेल आमच्या केळव्याच्या रस्त्यावर होणार, हे ऐकल्यावर माझ्या सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "उतरायचंच नाय, तर येतात कशाला?" तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता त्या हॉटेलचं नाव काढलं तरी डोकं फिरतं.

हॉटेलची जागा आमच्या वाडीला लागून आहे. तिच्यातून एक ओहोळ जातो आणि पावसाळ्यात आमच्या वाडीचं सगळं पाणी त्या वाटेनं खाडीकडे उतरतं. तिथं भराव टाकला की पाणी आमच्याकडे तुंबणार. नारळ-सुपारी तग धरेल, पानवेल धरणार नाही. मुळाशी पाणी साचलं की ती कुजते, आणि आमचं घर पानांवर चालतं. मी बोईसरच्या कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, लग्नाआधी विड्याचं पान फक्त टपरीवर पाहिलेली. मलासुद्धा हे कळायला एक पावसाळा पुरला.

उन्हाळ्यात हॉटेलवाल्यांची माणसं जागा बघायला आली. घामाघूम झाली होती बिचारी. सासऱ्यांनी हाका मारून त्यांना सावलीत बसवलं, शहाळी उतरवली आणि स्वतः कोयत्यानं तासून हातात दिली. आमच्या वाडीत आलेल्याला कोण, कुठला हे नंतर विचारतात, शहाळं आधी देतात. पोटभर पाणी पिऊन, फोटो काढून, 'काका, काका' करून ती गेली.

मग ग्रामपंचायतीत लोकांच्या सूचना ऐकायला सभा भरली. सूचना ऐकणार म्हणे! 'लवकरच येत आहोत' हा फलक रस्त्यावर आधीच लागला होता. नवरदेव मांडवात उभा करायचा आणि मग मुलीला विचारायचं, पसंत आहे का. तरी सासरे इस्त्रीचा सदरा घालून गेले, उभे राहून बोलले. "तुमी हॉटेल बांधा, आमी नाय म्हणत नाय. पन पाण्याला वाट ठेवा. भरावाखालून मोठी मोरी घाला. नायतर आमची पानवेल मरेल."

हॉटेलवाल्यांचा साहेब गोड हसला. "सूचना नोंदवून घेतली, काका."

कचऱ्याबद्दल बोललेल्या बाईला तेच उत्तर. शाळेच्या वळणावर गाड्यांची रांग लागेल म्हणणाऱ्यालाही तेच. नंतर त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. दिवे, झाडं, हसरी मुलं. आणि शेवटी आमची वाडी! हातात कोयता घेतलेले सासरे, शेजारी शहाळी पिणारी ती माणसं, खाली ठळक अक्षरांत 'शेजाऱ्यांचा मनापासून पाठिंबा'.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "तहानलेल्याला पाणी दिलं होतं, संमती नव्हती दिली! काढा तो फोटो!"

"ताई, तुमचीही सूचना नोंदवून घेतो," साहेब म्हणाला.

मागून कुणीतरी कुजबुजलं, "शहाळी काय फुकट पाजली असतील?" गावातलंच माणूस, आमच्या ओटीवर चहा प्यायलेलं. सासरे खाली बसले ते सभा संपेपर्यंत उठले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "माजं काय चुकलं गं?" काही चुकलं नव्हतं, पण ते त्यांना पटवून देणं मला जमलं नाही. साहेबासाठी शिव्याच तोंडात येत होत्या.

पुढे एकदा भर दुपारी हॉटेलवाल्यांचे मोजणीवाले आले. मोरीचा विषय कुणी काढलाच नाही. त्यांच्यातला एक कुंपणापाशी येऊन म्हणाला, "काका, पाणी मिळेल का?" सासरे माडाखालीच उभे होते, वर शहाळ्यांचे घोस लटकत होते. त्यांनी त्या माणसाच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

"नाय," म्हणाले, आणि घरात गेले.

पानवेल जगते की मरते ते पावसाळ्यात कळेल. पण त्या लोकांनी माझ्या सासऱ्यांना पाण्याला नाही म्हणायला लावलं, याची नोंद मी घेतली आहे.